शिक्षक वर्गावर मद्यपान करून येत असावेत अशी शंका आहे. शाळेशी कसे बोलावे?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित मराठी शाळेत सातवीत आहे. तिला गणित शिकवणाऱ्या सरांविषयी हा धागा आहे. लिहू की नको यात माझे चार दिवस गेले, कारण याच सरांनी माझ्या धाकट्या भावाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी सकाळी साडेसहाला शाळा उघडून, एक पैसाही न घेता शिकवले होते. आमच्या घरात त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि आजही माझ्या मनात तो आदर आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी वरचेवर सांगू लागली की, आज सरांनी काही शिकवले नाही. सुरुवातीला मी ते कानाआड केले. मग एके संध्याकाळी तिची वही उघडली. गुणोत्तर-प्रमाणाची नऊ उदाहरणे होती, त्यांतली चार सरळसरळ चुकलेली होती आणि नऊच्या नऊ उदाहरणांवर बरोबरची खूण होती. तीही समासात सुरू होऊन पानाच्या खालच्या कडेपर्यंत ओघळत गेलेली. त्याच वहीत ऑगस्टमधली सरांची तपासणी आहे, जिथे प्रत्येक चुकलेल्या पायरीखाली त्यांनी बारीक लाल अक्षरात योग्य पायरी लिहून दिली आहे. एकाच माणसाच्या हातची ती दोन पाने समोर ठेवून मी बराच वेळ बसून राहिले.

खोदून विचारल्यावर तिने सांगितले की, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सर लवंग चघळत येतात, फळ्यावरचे उदाहरण अर्ध्यात सोडून खुर्चीत बसतात आणि कधी कधी टेबलावर डोके टेकवतात. "सर आज टाकून आलेत," असे मुले आपसात म्हणतात. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे शब्द इतके सहज आले की माझ्या पोटात गोळा आला. सरांनी कोणावर हात उगारलेला नाही, कोणाला वावगे बोललेले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. मी स्वतः पालकसभेच्या दिवशी एकदाच त्यांच्या बोलण्यातला जडपणा पाहिला आहे. वास आला असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

आता डिसेंबरात क्रीडास्पर्धा आहेत आणि सर खेळाडू मुलांना स्वतःच्या दुचाकीवर मैदानावर नेतात. हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. मुख्याध्यापक हे सरांचे वीस वर्षांचे सहकारी आहेत. शेजारणी म्हणतात, मुलीला दहावीपर्यंत तिथेच काढायचे आहे, कशाला वाकड्यात शिरतेस. मी कोणाकडे जावे, कोणत्या शब्दांत बोलावे, आणि माझी शंका खोटी ठरली तर एका चांगल्या माणसाच्या नावाला मी लावलेला डाग कसा पुसावा?

उंबरझाड

ताई, पुरावा नसेल तर तक्रारीला कोणी विचारत नाही. वर्गातल्या एखाद्या धीट मुलाला भ्रमणध्वनी देऊन चित्रफीत काढायला सांगा आणि ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. शाळेला दखल घ्यावीच लागेल.

रानवाट

उंबरझाड, आपला हेतू चांगला आहे, पण कृपया हा मार्ग कोणी धरू नये. आमच्या गावात नेमके हेच झाले. टेबलावर झोपलेल्या शिक्षकांचे छायाचित्र सकाळी गटावर आले आणि दुपारपर्यंत आजूबाजूच्या तीन गावांत फिरले. त्यांचा मुलगा त्याच शाळेत नववीत होता. त्याने दुसऱ्या दिवसापासून शाळेत येणे बंद केले आणि वर्ष बुडवले. शिक्षक दीड महिना रजेवर गेले आणि परत रुजू झाले. त्यांच्यावर काहीच कारवाई झाली नाही, कारण दोनशे लोकांनी छायाचित्र पुढे पाठवले, पण शाळेत लेखी अर्ज एकानेही दिला नव्हता. ज्या मुलाने छायाचित्र काढले त्याच्याकडे बाकीचे शिक्षक वर्षभर कसे पाहत होते, हे त्याची आई आजही सांगते. मोठ्यांचे काम मुलांच्या हातून करवून घेऊ नये.

जुना फळा

मी खासगी अनुदानित शाळेत ३१ वर्षे नोकरी केली, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. टेबलाच्या त्या बाजूने हे प्रकरण कसे दिसते, ते सांगतो.

पालकांचे अर्ज टिकत नाहीत, कारण त्यांत निष्कर्ष असतो आणि निरीक्षण नसते. "सर दारू पितात" हा निष्कर्ष झाला. "अमुक तारखेला पाचव्या तासाला फळ्यावरचे उदाहरण अर्धवट सोडून सर वीस मिनिटे टेबलावर डोके ठेवून बसले" हे निरीक्षण आहे. पहिल्या वाक्यावर शिक्षक "सिद्ध करा" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या वाक्यावर त्यांना खुलासा द्यावा लागतो. ताई, आपल्याकडची वहीची ती दोन पाने चाळीस पालकांच्या सह्यांपेक्षा मोलाची आहेत. त्यांच्या छायाप्रती काढून ठेवा.

अनुदानित शाळेतील शिक्षकाला व्यवस्थापन मनात आले म्हणून घरी बसवू शकत नाही, हे पालकांनी समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७चा अधिनियम आणि १९८१ची नियमावली आहे. मोठी शिक्षा करायची तर आरोपपत्र द्यावे लागते आणि तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागते. तीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला असतो. काढून टाकल्यास शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे संरक्षण योग्यच आहे. संस्थाचालकांच्या लहरीवर शिक्षकांच्या नोकऱ्या जात असत, तो काळ माझ्या वडिलांनी पाहिला होता. मात्र चौकशी म्हणजे शेवटची पायरी. त्याआधी मुख्याध्यापकाच्या हातात पुष्कळ काही असते: ज्ञापन देऊन खुलासा मागणे, तासांचे निरीक्षण करणे, प्रवासाच्या आणि स्पर्धेच्या जबाबदाऱ्या काढून घेणे, आणि त्याच दिवशी प्रकार लक्षात आल्यास शासकीय रुग्णालयात वैद्यकीय तपासणीसाठी नेणे. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीचा काहीच उपयोग होत नाही.

आता जे सांगतो ते सांगणे मला जड जाते. माझ्या शाळेत असा एक सहकारी होता. मी त्याचे दुपारनंतरचे तास काढून सगळे सकाळी लावले, वर्ग कमी करून पोषण आहाराच्या नोंदवह्या त्याच्याकडे दिल्या, आणि पालक आले की "त्यांची प्रकृती बरी नाही" असे सांगत राहिलो. मी हे मैत्रीपोटी करत आहे अशी माझी दोन वर्षे समजूत होती. तो बावन्नाव्या वर्षी यकृताच्या आजाराने गेला. त्या दोन वर्षांत त्याला उपचारांसाठी कोणीही नेले नाही, मीही नाही. आपल्या शाळेतले मुख्याध्यापक मित्र आहेत म्हणून ते ऐकणार नाहीत असे धरून चालू नका. कदाचित कोणीतरी कागद समोर ठेवावा, याचीच ते वाट पाहत असतील.

निर्मळ

मी डॉक्टर आहे आणि व्यसनी रुग्ण रोज पाहतो. जुना फळा यांच्या निष्कर्ष-निरीक्षणाच्या मुद्द्याला वैद्यकीय आधारही आहे. मधुमेहाच्या रुग्णाची रक्तशर्करा उतरली की हात थरथरतात, घाम येतो, जीभ जड होते आणि माणूस बरळतोही; पाहणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो. शर्करा फार वाढून रक्तात आम्ल साठले तर श्वासाला गोडसर, फळासारखा वास येतो. मेंदूच्या काही आजारांत अक्षर बिघडते आणि तोल जातो, तर झोपेच्या व मनोविकाराच्या गोळ्यांनी गुंगी येते. म्हणून ताईंनी आपल्या अर्जात निदान करू नये. "सरांची प्रकृती ठीक नसावी असे वाटते, कारण कोणतेही असो, त्याचा परिणाम वर्गावर होत आहे," हे वाक्य खरेही आहे आणि सरांची शाळेसमोरची प्रतिष्ठाही राखते.

उलट बाजूही सांगतो. शरीर मद्य हळूहळूच बाहेर टाकते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेल्या माणसाच्या रक्तात सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीही ते असू शकते. सकाळी हात थरथरणे आणि पहिला घोट घेतल्यावर ते थांबणे, हे अवलंबित्वाचे लक्षण आहे. अशा माणसाला "उद्यापासून एक थेंबही नाही" अशी तंबी कोणी देऊ नये. वर्षानुवर्षांची सवय एकाएकी तोडली तर दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. दारू सोडवणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे काम आहे. घरच्यांना कोठे विचारावे हे कळत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आहे.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. आधी तोंडी बोलावे की थेट लेखीच द्यावे? आणि लेखी दिले तर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो, असे माझ्या यजमानांच्या मित्राने सांगितले आहे. त्यामुळे घरात थोडी घबराट आहे.

कायदेकानू

व्यवसायाने वकील आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. १ जुलै २०२४पासून बदनामीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकावर आले आहे. ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही, हा अपवाद जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे. म्हणजे मुख्याध्यापकांना बंद पाकिटात दिलेला अर्ज आपले रक्षण करतो आणि तोच मजकूर गटावर टाकला की ते रक्षण राहत नाही.

शाळा अनुदानित असल्यामुळे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ लागू होते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. कलम २४ शिक्षकाने नियमित व वेळेवर येण्याचे आणि अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करण्याचे बंधन घालते. त्यात कसूर झाल्यास म्हणणे मांडण्याची संधी देऊन शिस्तभंगाची कारवाई करता येते. शाळेने दाद दिली नाही तर कलम ३२खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो, आणि पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तोंडी बोला, अवश्य बोला, पण जाताना अर्ज पिशवीत असू द्या आणि निघताना त्याची पोच घेऊनच निघा.

दोन बाबतींत मात्र थांबू नये. मद्य घेतलेल्या माणसाच्या मागे मूल दुचाकीवर बसत असेल तर ते त्याच दिवशी बंद झाले पाहिजे. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य हा गुन्हाच आहे. आणि कोणत्याही विद्यार्थ्याला बाटली आणायला पाठवले जात असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७८खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलीला हे एकदा शांतपणे, न घाबरवता विचारून घ्या.

आजचा दिवस

मी शिक्षक आहे आणि मी असाच एक होतो.

मी पाण्याच्या बाटलीत मिसळून आणत असे. खिशात लवंग आणि वेलची कायम असे. कोणाला काही कळत नाही अशी माझी पक्की खात्री होती. मुलांना सगळे कळत होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. पहिल्या बाकावरची मुले मागे सरकली, तेव्हा ती माझ्या कडक शिस्तीमुळे मागे बसतात असे मी बायकोला सांगितले होते.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या मुख्याध्यापकांनी मला थांबवून घेतले. दार लावले. त्यांच्यासमोर एका कागदावर फक्त तीन तारखा होत्या. ते म्हणाले, "या तीन दिवशी तुम्ही खुर्चीत होतात, वर्गात नव्हतात." दारू हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी आवाज चढवला, राजकारण चालले आहे असे म्हणालो, राजीनामा देतो म्हणालो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की, त्यांना राजीनामा नको आहे. सोमवारपासून वर्गावर जायचे नाही आणि बुधवारी ते स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहेत. बायकोला त्यांनी आधीच बोलावले होते. ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, तिथे मी निवासी उपचार घेतले. वैद्यकीय रजा मिळाली, नोकरी राहिली. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी अटी लेखी दिल्या होत्या: पहिले वर्षभर सहल नाही, स्पर्धेला मुलांना नेणे नाही, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या, सभेला दर आठवड्याला जायचे. सातव्या महिन्यात मी एकदा घसरलो आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांना जाऊन सांगितले. त्यालाही आता आठ वर्षे झाली.

ताई, त्या तीन तारखा कोणीतरी पालकाने लिहून दिल्या होत्या. ते कोण होते हे मला कधीच सांगितले गेले नाही. सरांच्या घरच्यांपर्यंत पोहोचता आले तर पोहोचा. व्यसनी माणसाच्या कुटुंबासाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात, माझ्या बायकोला माझ्या आधी आधार तिथे मिळाला.

रानवाट

आजचा दिवस, एक लहानशी भर घालते: मुक्तांगणच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट यांचे सुनंदा हेही नाव होते. सर्वजण त्यांना मॅडम म्हणत. आपण मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आदर वाटतो.

आजचा दिवस

होय, त्याच सुनंदाताई. त्यांच्यामुळेच मी आज उभा आहे. आठवणीबद्दल आभारी आहे.

कडुलिंब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीची सदस्य आहे आणि वरच्या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे असे मला वाटते. सरांचा उपचार, सरांची नोकरी, सरांची प्रतिष्ठा, हे सगळे महत्त्वाचे आहे; पण सातवीच्या मुलांचे गुणोत्तर-प्रमाण राहून गेले, त्याचे काय? आमच्या शाळेत एका गुरुजींना सांभाळून घेता घेता चौथीच्या मुलांची भागाकाराची पायरीच गळाली आणि ती मुले पुढे दोन वर्षे गणितात अडखळत राहिली. ज्यांचे पालक कोणा म्हाताऱ्या आजोबांना शिकवणीला ठेवू शकले, त्यांचे निभावले. ऊसतोड कामगारांच्या मुलांना कोण शिकवणार होते? म्हणून अर्जात शेवटी स्पष्ट मागणी करा की, सोमवारपासून हा तास कोण घेणार आणि बुडालेला भाग कधी भरून काढणार. सरांचे काय करायचे ते शाळा ठरवेल, पण तासाचे काय हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

ओसरी

कडुलिंबताई, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. सर्वांच्या सूचनांवरून अर्ज लिहिला आहे, पाहाल का?

"मा. मुख्याध्यापक यांस, सविनय नमस्कार. इयत्ता सातवीच्या गणिताच्या तासाविषयी आपले लक्ष वेधण्यासाठी सर्व पालकांच्या वतीने हा अर्ज करीत आहे. सोबत जोडलेल्या चार तारखांना मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला अध्यापन पूर्ण झाले नाही, असे माझ्या मुलीने सांगितले. वहीतील ऑगस्ट व नोव्हेंबर महिन्यांच्या तपासणीच्या छायाप्रती जोडल्या आहेत. सरांची प्रकृती ठीक नसावी अशी मला काळजी वाटते. कारण काय असावे याविषयी मी काही म्हणू इच्छित नाही. त्यांच्या अध्यापनाचा आमच्या कुटुंबाला पूर्वी फार लाभ झाला आहे. तूर्त मुलांना त्यांच्या दुचाकीवरून नेले जाऊ नये, हा तास कोण घेणार हे कळावे आणि राहिलेला भाग पुन्हा शिकवला जावा, ही विनंती. हा अर्ज गोपनीय ठेवावा."

जुना फळा

अर्ज उत्तम आहे. "सर्व पालकांच्या वतीने" हे शब्द काढा. आपण स्वतःपुरते आणि आणखी कोणी सही करणार असेल तर त्यांच्यापुरतेच बोला. दुचाकीची विनंती सर्वांत वर घ्या. आणि आवक क्रमांक घातलेली प्रत हातात पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

ओसरी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई माझ्याबरोबर आली, तिनेही सही केली. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला, घडी घालून खणात ठेवला, आणि मग काही न बोलता खण उघडून तो पुन्हा बाहेर काढला व लिपिकाला बोलावून त्यावर आवक क्रमांक घालायला सांगितले. वहीच्या ऑगस्टच्या पानावर त्यांचे बोट बराच वेळ होते. "माझ्या लक्षात आले होते," एवढेच ते म्हणाले.

स्पर्धेला मुले एसटीने गेली, दोन शिक्षक सोबत होते. त्यानंतरच्या सोमवारपासून सर रजेवर आहेत. रजा कशाची, हे शाळेने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आजचा दिवस यांनी दिलेली माहिती मात्र एका नातेवाइकामार्फत त्यांच्या घरी पोहोचवली आहे. विज्ञानाच्या बाई सध्या गणिताचा तास घेतात आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस गुणोत्तर-प्रमाण पुन्हा पहिल्यापासून घेत आहेत. मुलीने काल मला विचारले की, सर बरे होऊन येतील ना. मला उत्तर देता आले नाही.

अर्जाला लेखी उत्तर अजून मिळालेले नाही. ते मागायला येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. व्यवस्थापन समितीची बैठकही त्याच आठवड्यात आहे.